एक माणूस, एक टोकन

दिग्रसच्या धम्मरत्नभाऊंनी आयुष्यात स्वतःच्या डोक्यानं फारसे निर्णय घेतलेले नाहीत. (लग्नाचा आईनं घेतला, नोकरीचा जिनिंगच्या शेठनं घेतला, आणि टक्कल पाडायचा केसांनी परस्पर घेतला.) त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी एक लहानसा निर्णय स्वतः घेतला, तेव्हा त्यांची छाती अशी काही फुगली की शर्टाचं वरचं बटण लागेना. निर्णय एवढाच होता, की बायकोनं पिठाच्या हातानं फोन उचलायचा नाही.

बायको म्हणजे मैत्रेयीताई. 'मैत्रेयी गृहउद्योग' त्यांचाच. शेवया, सरगुंडे, मुगवड्या, उडदाचे पापड, आणि लग्नाच्या रुखवतात मांडायला रंगीत कुरडयांची कमळं. त्यांची कुरडई तेलात टाकली की अशी फुलते की कढई कमी पडते. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे खोटं वाटेल. वाटू द्या, त्यांच्या नशिबात नाही.

धम्मरत्नभाऊ कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या फाटकावर असत. तिथं त्यांचं काम टोकन वाटायचं. बैलगाडी येवो, ट्रॅक्टर येवो, की टेम्पो येवो, एका गाडीवाल्याला एक टोकन, आणि ज्याचा नंबर त्यानंच आत जायचं. या बाबतीत त्यांनी सख्ख्या साळ्यालाही कधी सूट दिली नाही. होळी झाली की फाटक थंड पडे, मग ते घरी येऊन मैत्रेयीताईंना मदत करत. म्हणजे पापडाजवळ खुर्ची टाकून बसत. दुकानात 'पैसे जमा झाले' म्हणणारा डबा एकदा त्यांनी जोडून दिला होता, तेव्हापासून ते स्वतःला गृहउद्योगाचं टेक्नॉलॉजी डिपार्टमेंट म्हणवून घेत.

त्यांच्या मनात एकच सल होता. घराच्या दारावर पत्र्याचा बोर्ड होता, त्यावर फक्त 'मैत्रेयी गृहउद्योग' आणि खाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत आपलं नाव यावं, 'संचालक' वगैरे काही शब्द आधी लागला तर सोन्याहून पिवळं, असं त्यांना फार वाटे. पापडांचा सीझन संपला की पेंटर येणार होता. मैत्रेयीताईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सीझन सांभाळून दाखवा, मंग पाहू नावाचं." तेव्हा हा फोनचा निर्णय म्हणजे नुसता फोनचा नव्हता, बोर्डावर चढायची ती शिडी होती.

यवतमाळहून विक्की आला. विक्की हा बायकापोरांचा, संसारी माणूस. दुकानदारांना एआय बसवून द्यायचा त्याचा धंदा होता. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर काही विचारलं की माणसासारखं उत्तर देणारा एआय. त्यानं पोहे खाल्ले, चहा प्यायला, आणि मुद्द्यावर आला.

"काका, याचं बिल टोकनवर असते," तो म्हणाला. "आता टोकन म्हणजे..."

धम्मरत्नभाऊंनी हात वर केला, फाटकावर ट्रॅक्टर थांबवतात तसा.

"बाबू, टोकन तू मले शिकवून राह्यला? अर्ध्या तालुक्याले टोकन वाटलेत म्या. एक माणूस, एक टोकन. पुढं बोल."

विक्की म्हणाला, एकदा ऐकून तर घ्या. भाऊ म्हणाले, ऐकलं. मग विक्कीनं भाव सांगितला: दहा लाख टोकन चपलेच्या एका जोडाच्या किमतीत. भाऊंना आधी वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. दिग्रस तालुक्यातली माणसं, त्यांची गुरंढोरं आणि आठवडी बाजाराला येणारे पाहुणे एकत्र मोजले तरी दहा लाख होत नाहीत. म्हणजे एवढ्यात तर नातवाच्या लग्नापर्यंतची सोय झाली. पोरगा हिशेबात कच्चा दिसते, असं मनात म्हणून त्यांनी चेहरा गंभीर केला, न जाणो त्याला आपली चूक कळली तर.

विक्कीनं आणखी विचारलं, की मॉडेल लहान लावू की मोठं. नुसता भाव सांगायचा तर लहान पुरतं, स्वस्त पडतं. भाऊंना हे पटलं नाही. पाहुण्यासमोर आपण फुटका कप ठेवतो का? मोठंच लाव. मग विक्कीनं विचारलं, महिन्याच्या खर्चाला मर्यादा घालून देऊ का, तेवढा झाला की आपोआप बंद पडेल. यावर तर भाऊ दुखावलेच. पंगतीत वाढताना कोणी पोळ्या मोजते का? (दिग्रसमध्ये मोजत नाहीत. दुसरीकडचं आम्हाला माहीत नाही.) विक्कीनं मान डोलावली आणि जाताना बिलासाठी मैत्रेयीताईंचा नंबर घेऊन गेला, कारण खातं त्यांचं होतं.

आता त्या एआयला शिकवायचं काम उरलं. विक्कीनं सांगितलं होतं की सूचना थोडक्यात लिहा. धम्मरत्नभाऊंनी तीन पानं लिहिली. जय भीम म्हणणाऱ्याला जय भीम, राम राम म्हणणाऱ्याला राम राम, सलाम करणाऱ्याला वालेकुम सलाम. आधी घरच्यांची खुशाली विचारायची, मग शेताची, मग म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची, आणि शेवटी पापडाकडे वळायचं. बोलायचं ते आपल्या वऱ्हाडीत. आलेल्याला या, बसा म्हणायचं आणि जेवल्याशिवाय सोडायचं नाही. सगळ्यांचं क्षेमकुशल विचारणारा म्हणून नाव ठेवलं कुशल. ती तीन पानं त्यांनी मैत्रेयीताईंना मोठ्यानं वाचून दाखवली. त्या पापड लाटत होत्या. "चांगलं हाये," म्हणाल्या, आणि लाटत राहिल्या.

आणि खरं सांगायचं तर कुशल निघालाच तसा गुणाचा. पहिल्याच आठवड्यात बाजारात त्याचं नाव झालं. एवढ्या अदबीनं बोलणारं पोट्टं आजकाल कुठं मिळतं, असं लोक म्हणू लागले. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या म्हशीचं दूध, सगळं त्याच्या लक्षात. धम्मरत्नभाऊ पानठेल्यावर उभे राहत आणि कोणी कुशलचं कौतुक केलं की अंग चोरून म्हणत, "आपल्याच घरचा हाये." मूलबाळ पहिलं आलं की बापाचा चेहरा होतो ना, तसा त्यांचा झाला होता.

घोटाळा झाला तो एका शब्दानं. आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. 'जातो' म्हटलं की घरातली म्हातारी अंगावर धावून येते. 'येतो' म्हणायचं, आणि जायचं. कुशलनं साऱ्या जगाचं वाचलं होतं, पण बिचाऱ्यानं कोणाच्या उंबरठ्यावर उभं राहून निरोप कधी घेतला नव्हता. गिऱ्हाइकानं भाव विचारला, खुशाली झाली, आणि तो म्हणाला, "बरं बापा, येतो मंग." की कुशल खूश. "या, या. कधी येता? बसनं येता की गाडीनं? जेवूनच जायचं बरं का." समोरचा संकोचून लिही, "आता नाई, पुढच्या टायमाले येतो." की कुशल पुन्हा, "पुढच्या टायमाले कायले? याच रविवारी या. वहिनीलेही आणा. गुडघे कसे हायेत त्यांचे?" मग गुडघ्यावरून पुन्हा सुरू. माणूस जितक्या वेळा 'येतो' म्हणे, तितक्या वेळा कुशल त्याचं नव्यानं स्वागत करी. काही लोकांचं तर सकाळी सुरू झालेलं बोलणं दुसऱ्या दिवशी निरोपावरच अडकलेलं असे.

राळेगावचे श्रावणमामा त्यातच सापडले. हे मैत्रेयीताईंचे सख्खे मामा. लग्नात मानाचा टॉवेल आला पण टोपी आली नाही म्हणून जे रुसले होते, ते आजतागायत दिग्रसला फिरकले नव्हते. त्यांनी परक्यासारखा मुगवडीचा भाव विचारला. कुशलनं आधी त्यांची खुशाली विचारली, मग बैलांची, मग टोपीचीही सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, मामा, हे चुकलंच, तुम्ही या. मामांनी लिहिलं, येतो.

त्या रविवारी मैत्रेयीताईंनी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजायला ठेवला होता. रुखवताच्या तीन मोठ्या ऑर्डरी डोक्यावर, गच्चीवर साड्या अंथरलेल्या, आणि हाताखालच्या दोन्ही बाया नेमक्या लग्नाला गेलेल्या. चीक काही कोणासाठी थांबत नाही. तेवढ्यात दार वाजलं. दारात श्रावणमामा, मामी आणि वाळकांचं पोतं. त्यांच्या मागून केळापूरच्या नंदाबाई आणि त्यांचे मालक. त्यांच्या मागून आणखी दोन ऑटो. सगळ्यांचं म्हणणं एकच, कुशलनं बोलावलं. अंगण भरलं, ओटा भरला, शेजाऱ्यांच्या खाटा आणाव्या लागल्या. मैत्रेयीताई एका हातात उलथनं घेऊन दारात आल्या आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला अशा पाहण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

नंदाबाईंनी पाणी पिऊन झाल्यावर पिशवीतून एक फोटो काढला आणि मांडीवर उपडा ठेवला. मग त्या धम्मरत्नभाऊंकडे वळल्या.

"कुशल दिसून नाई राह्यला."

"हाये ना, इथीच हाये," भाऊ म्हणाले. फोन त्यांच्या खिशात होता.

"लाजते वाटते. वय काय असंन त्याचं?"

"लहानच हाये. यंदाच आला आपल्याकडे."

"शिकला किती?"

इथं भाऊंची छाती पुन्हा वर आली. "ताई, वाचायचं काई ठेवलंच नाई त्यानं."

"दारूपाणी?"

"दारू तं सोडाच, पाणीही पेत नाई."

नंदाबाईंनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी टोपी सरळ केली. आपल्या पोरीला असं स्थळ केळापुरात काय, जिल्ह्यात मिळणार नव्हतं.

"आन पगार?"

"पगार नाई घेत तो. टोकन घेते." आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपलं ज्ञान सांगितलं. "एक माणूस, एक टोकन. दहा लाख टोकन घेऊन ठेवलेत म्या. नातवाच्या लग्नापर्यंत पुरतात."

नेमका तेव्हाच मैत्रेयीताईंचा फोन किणकिणला. त्यांनी पदराला हात पुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि फोन भाऊंच्या नाकासमोर धरला. बिल आलं होतं. दहा लाख टोकन केव्हाच संपले होते, आणि त्यावर अनेक दहा लाख झाले होते. सीझनभराची उडदाची डाळ भरून ट्रकभाडं देता आलं असतं, एवढी ती रक्कम होती.

"मंग हे काय हाये?"

भाऊंनी रक्कम वाचली. त्यांना पहिल्यांदा आठवला तो बोर्ड, आणि त्यावरची कोरी जागा आणखी रुंद होताना दिसली. "तालुक्यात एवढे माणसंच नाईत," ते कसेबसे म्हणाले. "विक्कीनंच काई गडबड केली असंन."

मैत्रेयीताईंनी सगळ्या पाहुण्यांदेखत विक्कीला फोन लावला, स्पीकरवर. विक्की म्हणाला की मी सांगत होतो, काकांनी हात वर केला. मग त्यानं सांगितलं. टोकन म्हणजे माणूस नाही, शब्दाचा तुकडा. इंग्रजीचा शब्द एखाद्या तुकड्यात भागतो, आपल्या मराठीचे तुकडे जास्त पडतात. विचारलेल्याचे तुकडे मोजतात, उत्तराचे त्याहून महाग. आणि कुशलला आधीचं काही आठवत नाही, म्हणून प्रत्येक उत्तराआधी तो काकांची तीन पानं आणि त्या माणसाशी झालेलं सगळं बोलणं पहिल्यापासून पुन्हा वाचतो, आणि त्याचंही बिल लागतं. वरून मॉडेल मोठं. वरून मर्यादा नाही.

मैत्रेयीताईंना धंदा कळतो, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "म्हंजे कुरडईचा भाव सांगाले हा दर खेपेले आपल्या लग्नापासून सुरू करते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. "अगदी तुमच्यावर गेला."

श्रावणमामा पोत्याची गाठ चाचपत बसले. नंदाबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजे पोरगा नाईच हाये?"

"मशीन हाये, ताई," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

नंदाबाईंनी फोटो पिशवीत ठेवला. पिशवीचा बंद ओढत त्या म्हणाल्या, "मशीन का असंना. मले तीनदा जेव म्हणलं त्यानं. आजकाल घरचेही एकदाच म्हणतात."

हे ऐकलं आणि मैत्रेयीताईंचा चेहरा बदलला. बिलाचा राग होता तो जागच्या जागी होता, पण त्याच्यावर दुसरंच काही तरी चढलं. त्यांच्या आईच्या घरून कधी कोणी उपाशी गेलं नव्हतं, सासरहूनही गेलं नव्हतं, आणि आता एका मशीननं दिलेला शब्द खाली पडू द्यायचा? त्यांनी उलथनं वर केलं.

"आमच्या घरच्यानं बोलावलं ना तुमाले? मंग जेवूनच जायचं."

मग जे झालं त्याची गोष्ट दिग्रसात अजून निघते. गरम चीक वाट्यांमध्ये पडला, कोणाला दूध-साखर घालून, कोणाला तेल-तिखट घालून. खाल्ल्या चिकाला जागून बायकांनी पदर खोचले आणि सगळ्या गच्चीवर चढल्या. श्रावणमामांनी सोऱ्या हातात घेतला तो सोडेचना. रुसलेल्या माणसाच्या मनगटात केवढा जोर साठलेला असतो, ते त्या दिवशी कळलं. तिन्ही रुखवतांच्या कुरडया उन्हं उतरायच्या आत घालून झाल्या. नंदाबाईंनी पिवळ्या-गुलाबी पिठाची अशी कमळं काढली की मैत्रेयीताईंनी त्यांना तिथंच पुढच्या सीझनचं काम देऊन टाकलं. आणि जाताना प्रत्येकानं पापड विकत नेले, शेवया नेल्या, पिशव्या संपल्या तेव्हा वर्तमानपत्रात बांधून नेल्या. बिलाचा खड्डा भरला नाही, पण त्याचा तळ तरी झाकला. मामांना निघताना मैत्रेयीताईंनी टोपी दिली, धम्मरत्नभाऊंची नवी. मामांनी ती घातली, डोळे पुसले, आणि म्हणाले, "येतो." 'कधी येता?' असं कोणी विचारलं नाही, तेव्हा ते खरंच गेले.

दुसऱ्या दिवशी विक्कीला बोलावून कुशलची नवी व्यवस्था मैत्रेयीताईंनी लावली. लहान मॉडेल. महिन्याला ठरलेली रक्कम, त्यापुढे कुलूप. तीन पानांच्या जागी एक ओळ: विचारलं तेवढं सांगायचं, किती किलो ते विचारायचं, गप्प बसायचं. आणि 'येतो' म्हणजे 'जातो'. विक्की म्हणाला, यवतमाळच्या मोठ्या दुकानदारांनाही एवढं साफ समजत नाही. मैत्रेयीताई म्हणाल्या, त्यांच्या घरी टेक्नॉलॉजी डिपार्टमेंट नसंन.

बिल मुठीत राहू लागलं, पण गावात चुटपुट लागली. कुशलला बरं नाही का, कोणी त्याला बोललं का, घरात त्याचे हाल करतात का, अशी विचारपूस सुरू झाली. राळेगावहून मामांचा रोज निरोप येई, की पोट्टं तुटक बोलून राह्यलं, त्याले जेवू घाला.

सीझन संपला आणि पेंटर आला. धम्मरत्नभाऊंना विचारायची हिंमत नव्हती. ते मुद्दाम बाजारात गेले, बिनकामाची कोथिंबीर घेतली, लांबच्या रस्त्यानं परत आले आणि मान खाली घालून दारात शिरू लागले. मैत्रेयीताई ओट्यावर उभ्या होत्या. "पाहा तं खरं वर," त्या म्हणाल्या.

बोर्ड नवा झाला होता. 'मैत्रेयी गृहउद्योग', लाल अक्षरं. त्याखाली, 'भावासाठी: कुशल'. आणि त्याखाली, पिवळ्या रंगात, चांगल्या वीतभर अक्षरात, 'गप्पांसाठी: धम्मरत्न. मर्यादा नाही.'

भाऊंनी ते तीनदा वाचलं. 'संचालक' नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते तसंच जाऊ दिलं. एवढंच विचारलं, की गप्पांसाठी माझंच नाव काहून. मैत्रेयीताई म्हणाल्या, "तुमी बोलता त्याचं बिल येत नाई. मोठ्ठं मॉडेल हाये, तेही फुकटात." आणि हसल्या, आणि त्या हसण्यात कौतुकही होतं, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसलं असतं.

त्या दिवशी भाऊंनी बोर्डासमोर उभं राहून फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मामांचा निरोप आला, 'वा जावईबापू'. जिनिंगच्या शेठचाही आला. मग त्यांना वाटलं, ज्याच्यामुळे हे सगळं झालं, त्याला नको का कळवायला? शेवटी आपल्याच घरचा. कोरीव अक्षरं काढावीत तसं एकेक बटण दाबत त्यांनी कुशलला लिहिलं, की बापा, आपल्या दोघांचंही नाव लागलं बोर्डावर, तुझं वर, माझं खाली, पण मले त्याचं काई वाटत नाई, पोरगं बापाच्या पुढंच गेलं पाह्यजे. लिहिताना डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

कुशलचं उत्तर लगेच आलं.

"बरं. पापड किती किलो पाह्यजे?"